पान उघडेपर्यंत

कोहमाऱ्याच्या विवेक सर्पमित्र मंडळाची वेबसाइट उघडायला घेतली की माणूस चहा मांडून, गाळून, पिऊन मोकळा व्हायचा, तरी स्क्रीनवर अर्धा नागच आलेला असायचा. मग नाग पूर्ण यायचा, फणा काढायचा, पुंगी वाजायची. ‘सुस्वागतम्’ची पट्टी सरकत जायची. तिच्या खाली मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखर सर हसत उभे, आणि त्यांच्याखाली प्रमुख पाहुणे फीत कापताना, नारळ फोडताना, शाल घेताना. साप चावल्यावर काय करायचं ते सगळ्यात तळाशी होतं. तेही अक्षरांत नव्हतं, छापील पत्रकाचा फोटो काढून तिथे चिकटवला होता. मोबाइलवर तो एवढा बारीक दिसे की वाचायला भिंग लागावं. ही साइट रंजितानेच बनवली होती, आणि बनवली तेव्हा तिला ती फार आवडली होती. आता तीच साइट बघितली की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

रंजिता आमगावची. गोंदियात रेलटोलीमध्ये तिचं एका शटरचं दुकान होतं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि वेबसाइट, तिन्ही एकाच टेबलावर. राइस मिलवाले, कोचिंग क्लासवाले यायचे आणि बसायच्या आधी सांगायचे, मॅडम, हमारी साइट गूगल में सबसे ऊपर चाहिए. वर सगळ्यांनाच यायचं असतं. पण साइटवरून आजोबांचा हार घातलेला फोटो काढा म्हटलं की हीच माणसं तोंड फिरवतात. रंजिता अशांशी हसून बोलायची आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मंडळाच्या साइटचं मात्र तसं नव्हतं. तिथे तिचा जीव अडकला होता.

मागच्या वर्षीच्या धानाच्या रोवणीत तिची आत्या गेली. शकुंतलाबाई, नवेगाव बांधाजवळच्या गावची. शेताच्या धुऱ्यावर ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या उचलताना हाताला दंश झाला. आत्याचा मुलगा राजदीप याने नुकताच नवा मोबाइल घेतला होता. आईला ओसरीत निजवून त्याने गूगलवर शोधलं, आणि सगळ्यात वर आला तो बिसराम महाराजांचा नंबर. बिसराम महाराज फोनवरून विष उतरवतात. पेशंटच्या कानाला फोन लावून धरायचा, पलीकडून मंत्र चालतो. आत्याच्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली खाटेवर आत्या कानाला फोन लावून पडलेली. अंगणातली माणसं थांबून राहिली. शेवटी तिच्या पापण्या मिटायला लागल्या तेव्हा गाडी काढली, आणि दवाखान्याच्या दारातच तिने जीव सोडला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर राजदीप रंजिताजवळ येऊन बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं, “ताई, तुयी साइट कोठी होती?”

तिने घरी जाऊन शोधली. पाचव्या पानाच्या आत तर नव्हतीच. त्याच्या पुढे तिने बघितलं नाही.

आता दुसरी रोवणी तोंडावर आली होती. चिखलात हात घालणाऱ्या बायकांचे दिवस आणि सापांचेही. त्याच साली गूगलने ठरवलं होतं की मोबाइलवर नीट न उघडणारी साइट मागे टाकायची. दुकानदारांसाठी ती धंद्याची बातमी होती, रंजितासाठी जीवाची. तिला एकच गोष्ट हवी होती: ह्या रोवणीत ज्याच्या घरी तशी वेळ येईल, त्याच्या हातातल्या फोनवर बिसरामच्या आधी मंडळाचा नंबर दिसला पाहिजे. तिने बस पकडली आणि कोहमारा गाठलं.

चंद्रशेखर सर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. हायवेला लागून घर, पुढच्या खोलीत मंडळाचं ऑफिस. साधा माणूस, पण ताठ. कितीतरी वर्षं गावोगावी फिरून त्यांनी भगतांच्या पोटावर पाय दिला होता, दोनदा मारही खाल्ला होता. झाडीपट्टीत जन्मलेले, तरी बोलायचे पुस्तकातल्यासारखं शुद्ध. रंजिताने त्यांच्या पुढ्यात स्वस्तातला एक जुना फोन ठेवला आणि त्यावर साइट उघडायला सांगितली. सर बघत बसले. पुंगी वाजायच्या आधीच त्यांनी फोन खाली ठेवला आणि काय काय काढायचं ते विचारलं. तिने नाग काढायचा म्हटलं, ते हो म्हणाले. पुंगी, पट्टी, पाहुणे, सगळ्याला हो म्हणाले. त्यांच्या फोटोवर गाडी आली तेव्हा मात्र क्षणभर थांबले. माझ्या फोटोने कुणाचा जीव जात असेल तर तोही काढ, असं म्हणाले, आणि ती दारापर्यंत गेल्यावर मागून विचारलं, तळाला छोटासा ठेवता येईल का. रंजिताने ऐकलं नाही असं दाखवलं.

तिने साइट पार सोलून काढली. पांढऱ्या पानावर काळी मोठी अक्षरं. वर लाल पट्टीत नंबर, बोट ठेवलं की थेट सरांच्या मोबाइलला फोन. खाली चार ओळी: चालवू नका, चिरा देऊ नका, काही लावू नका, दवाखान्यात न्या. कोणत्या गावाला कोणता दवाखाना जवळ ते त्याखाली. पत्रकाचा फोटो फेकून दिला, कारण गूगलला फोटोतलं वाचता येत नाही. इतकी वर्षं मंडळाने जे काही सांगितलं ते गूगलच्या लेखी कोरं होतं. मग काही दिवसांनी ती जुना फोन घेऊन नवेगावला गेली आणि तलावाच्या बांधावर, जिथे नेटवर्कची एकच काडी येते तिथे उभी राहिली. पान भसकन उघडलं. तिथे खाली मासे विकणाऱ्या बाईने विचारलं, एकटीच काऊन हासून रायली वो. रंजिताने ‘सर्पदंश प्रथमोपचार’ असं टाकून शोधलं, तर आपली साइट पहिली. तिचे डोळे भरून आले.

त्याच आनंदात ती राजदीपच्या घरी गेली. रोवणी सुरू व्हायची होती, तो बैलाच्या गोठ्यात होता. तिने त्याला हात धुवायला लावून फोन हातात दिला आणि म्हणाली की त्या दिवशी जसं शोधलं होतंस तसंच आता शोध. राजदीपला ते नको होतं. तरी त्याने टाइप केलं.

बिसराम महाराज पहिले. मंडळाचा कुठे पत्ता नव्हता.

रंजिताने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वरच्या चौकोनात त्याने ‘पान लागला’ असं लिहिलं होतं.

“सर्पदंश कोन म्हनते ताई?” राजदीप म्हणाला. “माय समोर पडून होती.”

झाडीपट्टीत ज्याला साप चावतो त्याच्या समोर सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की विष चढतं, असं समजतात. म्हणून पान लागला म्हणायचं. शेजारी धावत येतो तो हेच विचारतो, बातमी गावभर फिरते ती ह्याच शब्दात. रंजिताला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? आत्याची बातमी तिला तिच्या आईने, पार्वताबाईने, फोनवर दिली होती आणि ती अशीच दिली होती, तुह्या आत्याले पान लागला. ते ऐकून रंजिताच्या हातातून कप पडला होता. पण लिहायला बसली की हातातून सर्पदंश उतरतो. शाळेने हाताला ती सवय लावलेली. मंडळातल्या सगळ्यांच्या हाताला तीच सवय, आणि त्यातल्या एकाच्याही घरात सर्पदंश हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. जो शब्द माणसं घाबरून टाइप करतात तो लिहायचं फक्त एकाला सुचलं होतं. बिसरामच्या पानावर सुरुवातच अशी होती: ‘पान लागला? घाबरू नका. फोन लावा.’

हे पान त्याच्या कोणा भाच्याने बनवलं होतं म्हणे. रंजिताने ते उघडून पाहिलं. ना रंग, ना फोटो. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडत होतं. तिच्या धंद्यातल्या कुणी शिकवलं नसेल इतकं चोख काम होतं, आणि त्या चोखपणाचा तिला असा संताप आला की फोन गोठ्याच्या भिंतीवर आपटावासा वाटला.

त्या संध्याकाळी तिने कुणाला न विचारता मंडळाच्या पानाचं शीर्षक बदललं. ‘पान लागला? इथे फोन लावा.’ खाली तेच इंग्रजी अक्षरांतही लिहिलं, कारण फोनवर बरेच जण तसंच टाइप करतात. गोंदियाच्या माणसांसाठी हिंदीतूनही एक ओळ घातली. सरांना विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील हे तिला पक्कं माहीत होतं.

मग नुसती वाट पाहणं. गूगल कुणाचा नोकर नाही, त्याला वाटेल तेव्हा तो येऊन पान वाचतो. रंजिता सकाळी उठली की आधी ते दोन शब्द टाकून बघायची. आठवडाभर काही नाही. नंतर एक दिवस मंडळ दुसऱ्या पानावर दिसलं. मग पहिल्या पानाच्या तळाशी. पाऊस लागला, धानाच्या बांध्या भरल्या, रोवणी सुरू झाली आणि मंडळ बिसरामच्या खाली येऊन बसलं. एका सकाळी वर, दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. गिऱ्हाइकांशी बोलतानाही तिचं चित्त थाऱ्यावर नसे. कुठल्या घरात ह्या घडीला कुणी फोन उचललाय आणि त्याला कोण आधी दिसतंय, एवढंच डोक्यात.

आणि मग सरांचा फोन आला. लगेच ये, म्हणाले. आवाज असा होता की तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बस धरली.

झालं होतं असं. सर एका शाळेत व्याख्यानाला गेले होते. प्रोजेक्टरवर मंडळाची साइट लावली आणि भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत आलं: पान लागला? मुलं खिदळली. मास्तर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अंधश्रद्धेवर बोलायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर ते लिहिलेलं, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. सर तोंडघशी पडले होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, हेच रंजिताला जास्त लागलं.

“हा शब्दच मुळात भीती आहे,” सर म्हणाले. “नाव घ्यायला जो घाबरतो, तो दवाखान्यात जाईल की बिसरामकडे? आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की नाव घ्या. आणि माझ्याच मंडळाच्या दारावर तू ही पाटी लावलीस.”

“सर, घाबरलेला माणूसच शोधतो,” रंजिता म्हणाली. “जो घाबरला नाही त्याला आपला नंबर कशाला पाहिजे?”

त्यांनी मान हलवली. लोकांच्या भीतीला आपणच खुर्ची दिली तर उद्या पुंगी आणि परवा मंत्रही येईल, असं ते म्हणाले. रंजिताने आत्याचं नाव काढलं. सरांनी ते ऐकून घेतलं, खाली बघितलं, आणि तरी मागे हटले नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तिथेच तर तिची पंचाईत होती. एखादा मूर्ख माणूस असता तर ती भांडली असती. हा माणूस भगतांच्या काठ्या खाऊन आलेला होता. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की आत्ताच्या आत्ता, इथे माझ्या समोर तो शब्द काढ, नाहीतर मंडळाची साइट दुसरं कुणी बघेल.

रंजिताने लॅपटॉप उघडला. तो शब्द काढला की काय होणार ते तिला स्पष्ट दिसत होतं. चार दिवसांत मंडळ खाली घसरणार, बिसराम एकटा वर राहणार, आणि रोवणी तर अजून अर्धीही झाली नव्हती. न काढावा तर सर दुसऱ्या कुणाला बोलावून काढवून घेणार. तिने शीर्षकाची ओळ निवडली. बोट बटणावर ठेवलं. तिला रडू येत होतं आणि सरांसमोर रडायचं नव्हतं.

तेवढ्यात टेबलावरचा सरांचा मोबाइल वाजला.

सरांना एका कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे ते फोन स्पीकरवरच घेत. पलीकडे टिनाच्या छपरावर पाऊस पडत होता, आणि त्या आवाजातून एका तरण्या बाईने विचारलं, “पान लागल्यावर लावाचा नंबर हाच होय का जी?”

रंजिताचं बोट बटणावरून आपोआप उठलं. सरांनी मंडळाचं नाव सांगितलं आणि काय झालं ते विचारलं. बाईने सांगितलं की ती राखी, बांधाच्या पलीकडच्या गावची. सासू, शांतीबाई, सरपण काढायला मागच्या पडवीत गेली होती.

“तिले पान लागला जी.”

“म्हणजे साप चावला?” सरांनी विचारलं.

नुसता पाऊस ऐकू येत होता.

“घाबरू नका बाई. स्पष्ट बोला. साप चावला असं म्हणा. नाव घेतल्याने विष चढत नसतं.”

“मी नाही घेऊ शकत जी,” बाई कुजबुजली. “मामाजी बसून हायेत. सासू आयकून रायली.”

सरांच्या चेहऱ्यावर वर्गातला मास्तर उतरला होता. समोरच्या मुलाला उत्तर येतंय, फक्त म्हणवून घ्यायचंय, तसा. ते पुन्हा एकदा समजावून सांगू लागले, शांतपणे, शुद्ध भाषेत, आणि फोनमध्ये मागून एक म्हातारा आवाज चढला.

“कोन शिकवून रायला वो तुले? ठेव तो फोन. बिसरामले लाव.”

“मामाजी म्हनतेत का ठेव,” बाई म्हणाली. तिचा आवाज आता रडवेला झाला होता. “ठेवतो जी मी.”

“सर,” रंजिता म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. उघड्या लॅपटॉपकडे पाहिलं. मग ते फोनवर वाकले, आणि जो आवाज निघाला तो रंजिताने कधी ऐकलेला नव्हता.

“थांब माय. ठेवू नोको. कोठी लागला पान? हाताले का पायाले?”

पलीकडे बाईने श्वास सोडला तो इकडे ऐकू आला. “पायाले जी. घोट्याच्या वर.”

त्यानंतर सर थांबले नाहीत. सासूला आडवी ठेव, एक पाऊलही चालवू नोको. पायातली जोडवी काढ, पाय सुजन. चिरा नाही द्याचा, चुना नाही लावाचा. गावात गाडी कोनाची हाय? देवचंदची पिकअप होती, दोन घरं सोडून. सरांनी सांगितलं की पोराला पाठव, गाडी दारात आण, एकशेआठची वाट पाहत बसू नका, नवेगावचा दवाखाना जवळ पडतो. बाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती आणि मागे वळून कुणाला तरी सांगत होती. गाडीचा आवाजही आला. आणि मग सगळं अडलं. म्हातारा शांतीबाईला उचलू देईना.

सरांनी त्याच्याकडे फोन मागितला. म्हाताऱ्याचं नाव देवाजी. त्याने एका दमात सांगितलं की बिसराम बाबा फोनवरच उतरवते, मागच्या साली शेजारच्या टोलीतल्या दोघांचा उतरला, दवाखान्यात नेलेला एकही परत आला नाही. खोटं बोलत नव्हता तो. चावणाऱ्या कितीतरी सापांना विषच नसतं, आणि दवाखान्यात लोक नेतात तेच उशिरा. हे सगळं सर एरवी खडू घेऊन फळ्यावर समजावून सांगत. रंजिता त्यांच्याकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, आता नका सांगू, आता नका सांगू.

“देवाजीभाऊ,” सर म्हणाले, “मंतर मारा. मी कोठी नाही म्हनतो? पन गाडीत बसून मारा. बाबाले फोन लावाचा असन तं गाडीतून लावा. गाडी बी चालू द्या अन् मंतर बी चालू द्या.”

पाऊस पडत होता. पिकअपवाला हॉर्न देत होता.

“चालत्या गाडीत मंतर लागते का जी?” त्याने विचारलं.

सरांनी डोळे मिटून घेतले. ज्या माणसाने भगतांच्या काठ्या खाल्ल्या पण एकदाही मंत्राला खरं म्हटलं नाही, त्या माणसाला आता एका शब्दात उत्तर द्यायचं होतं, आणि खरं उत्तर दिलं तर एक बाई मरणार होती.

“लागते,” सर म्हणाले.

फोन कटला.

सरांच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि दोघांची तोंडं पाहून काही न विचारता परत गेली. सरांनी दवाखान्यात ओळखीच्या नर्सला फोन करून इंजेक्शनं तयार ठेवायला सांगितली, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. रंजिताला वाटत होतं की राखीला फोन लावावा, आणि लावायची हिंमत होत नव्हती. गाडी वाटेत असेल. चिखलात रुतली असेल. म्हाताऱ्याचं मन फिरलं असेल. तिला आत्या आठवत होती, कानाला फोन लावून पडलेली. हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकला टेबलावरची बशी वाजत होती.

दिवस कलला तेव्हा फोन आला. सरांनी बटण दाबलं. राखीच बोलली. शांतीबाईला सलाईन लावलं होतं, इंजेक्शनं चालू होती. डॉक्टर म्हणाले की पापण्या पडायला लागल्या होत्या, पण वेळेत आणलं, वाचेल. सासूने पाणी मागितलं म्हणाली. मग तिने सांगितलं की मामाजी गाडीत रस्ताभर मंत्र म्हणत होते, आणि आता सगळ्यांना सांगत आहेत की मंत्र लागला.

रंजिता हसली आणि हसता हसता रडू लागली. सरांनी फोन ठेवला. ते हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“तो शब्द काढू का सर?” तिने शेवटी विचारलं.

ते वेगळंच काहीतरी बोलले, आणि ते तिच्याशी बोलत होते की स्वतःशी, हे तिला कळलं नाही.

“तिची सासू मरून रायली होती,” सर म्हणाले, “अन् मी तिले शब्द शिकवून रायलो होतो.”

हे शुद्ध भाषेत बोलायचं राहून गेलं हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. ते खरं होतं. फोन ठेवला गेला असता तर काय झालं असतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मी खोटं बोललो त्याच्याशी,” सर पुन्हा म्हणाले. “आता तो गावभर सांगेल. पुढच्या खेपेला आणखी दहा जण मंत्र म्हणतील.”

“हो सर.”

“म्हणतीलच.” त्यांनी चष्मा परत डोळ्यावर चढवला. “मग निदान कुठं बसून म्हणायचा ते तरी आपण सांगू. लिही.”

रंजिताने लॅपटॉप पुढे ओढला. शीर्षकाची ओळ अजून तशीच निवडलेली होती. तिने तिला हात लावला नाही. चार ओळींच्या खाली, जिथे दवाखान्यांची नावं सुरू होतात त्याच्या वर, सर सांगत गेले आणि ती तसंच लिहीत गेली: मंतर मारायचा असन तं गाडीत बसून मारा, गाडी थांबवू नोका.

सरांनी ती ओळ एकदा वाचली. त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता. तरी त्यांनी मान डोलावली, आणि रंजिताने ती साइटवर चढवली.